गोष्टीतली निवड कोणाची?

(द्वितीय वर्ष कला, मराठी)

"ज्या गोष्टीत वाचकाला वाट निवडायला सांगितली जाते, तिथे त्या निवडीने गोष्ट बदललीच पाहिजे, नाहीतर ती वाचकाची शुद्ध फसवणूक होय." वाङ्मय मंडळाच्या चर्चेत यंदा हे विधान फार जोरात मांडले गेले आणि त्याला टाळ्याही पडल्या. मांडणारा माझा वर्गमित्र. मोबाइलवरच्या खेळांतला तो जाणकार असल्यामुळे त्याच्या बोलण्याला वजन होते. मला ते पटले नव्हते. पण तास संपला, शिपाईमामा खोलीला कुलूप लावायला आले आणि माझे म्हणणे राहून गेले. वार्षिकांकाच्या संपादकांनी आता चार पाने देऊ केली आहेत, तेव्हा ते येथे मांडते. प्राध्यापक मंडळींनी आणि वर्गमित्राने (त्याने विशेषतः) गोड मानून घ्यावे.

अशा गोष्टी म्हणजे काय, हे ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. १९७९ साली अमेरिकेत बँटम प्रकाशनाने 'द केव्ह ऑफ टाइम' हे मुलांचे पुस्तक काढले. लेखक एडवर्ड पॅकर्ड. या पुस्तकाचा नायक 'तू' आहेस, म्हणजे वाचणाराच. पानाच्या तळाशी सूचना असते : आत जायचे असेल तर अमुक पान उघड, मागे फिरायचे असेल तर तमुक. पुस्तकाला ४० शेवट आहेत, असे वेष्टनावरच जाहीर केले होते. पॅकर्ड व्यवसायाने वकील. रात्री आपल्या मुलींना गोष्ट सांगताना त्याला पुढचे सुचेनासे झाले, की तो त्यांनाच विचारी, आता याने काय करावे? मुलींची उत्तरे वेगवेगळी आली आणि त्यातून त्याला ही युक्ती सापडली. म्हणजे या साऱ्या खटाटोपाचे मूळ छापखान्यात नाही, अंथरुणावर आहे. सांगणाऱ्याची गोष्ट अडली आणि ऐकणाऱ्याने ती सोडवली, त्या जागेत आहे. हे मला महत्त्वाचे वाटते.

त्या मालिकेतले एक पुस्तक मला एका ओळखीच्या बाईंनी दिले होते. शब्दकोश मांडीवर घेऊन मी ते वाचले. दोन-चार निवडी झाल्या, की वाचक हमखास एक गोष्ट करतो : मागच्या पानात बोट घालून ठेवतो. नवी वाट दरीत गेली तर बोटावरून परत! माझेही बोट तसेच होते, आणि ज्यांना ज्यांना मी विचारले त्यांचेही. आता सांगा, ४० शेवट असले आणि बोट पानात असले, तर त्या निवडीला किंमत किती? गोष्ट बदलली हे खरे, अगदी ४० प्रकारांनी बदलली. पण निवडताना माझ्या पोटात गोळा आला नाही. माझ्या वर्गमित्राची कसोटी या पुस्तकाला पूर्ण लागू पडते आणि तरीही पुस्तक मिटल्यावर हाताशी काही राहत नाही. तेव्हा कसोटीतच कुठेतरी कसर आहे.

मी मेहरूणची. तलावाच्या अलीकडे आमची वस्ती. पूर्वी इथे सगळीकडे बोरी होत्या, मेहरूणची बोरे लांबलांब जात. आता बऱ्याच बोरींच्या जागी कॉलन्या आल्या आहेत. आमच्या घरात पुस्तक असे नव्हतेच. दिनदर्शिका, रेशनकार्ड आणि वडिलांच्या डाळ मिलमधल्या हजेरीचे कार्ड, एवढाच छापील मजकूर. पण गोष्टी होत्या. आजी पारोळ्याकडची, अहिराणी बोलणारी. ती गोष्ट सांगायला बसली की पहिली अट हुंकाऱ्याची. आम्ही भावंडांपैकी एकाने तरी दर वाक्याला 'हं' म्हणायचे. हुंकारा थांबला की गोष्ट थांबली. "ऐकी ऱ्हायनी ना व?" असे ती एकदा विचारी, दुसऱ्यांदा विचारत नसे, सरळ पदर डोक्याखाली घेऊन झोपून जाई.

या हुंकाऱ्याने गोष्ट बदलत असे का? मुळीच नाही. राजाला ज्या वाटेने जायचे त्याच वाटेने तो जाई. तरीसुद्धा ती गोष्ट 'ऐकणाऱ्याच्या हातात' होती, आणि ४० शेवटांच्या पुस्तकापेक्षा कितीतरी अधिक होती. कारण माझा 'हं' गेला असता तर राजा तिथेच, विहिरीच्या काठावर, एक पाय उचलून उभा राहिला असता. निदान त्या वयात मला तसे खरोखर वाटे आणि झोपेने डोळे मिटत असताना मी राजासाठी 'हं' म्हणत राही. निवड एकच होती, ऐकायचे की नाही. आणि मागच्या पानात घालायला बोट नव्हते.

ही केवळ आमच्या ओट्यावरची गंमत आहे असे कुणी म्हणेल, म्हणून श्रावणातल्या रविवारी घरोघर सांगितली जाणारी आदित्यराणूबाईची कहाणी पाहू. आपल्यापैकी पुष्कळांनी ती लहानपणी अर्धवट झोपेत ऐकलेली असेल. गरीब ब्राह्मणाला वसा मिळतो, त्याच्या दोन मुली मोठ्या घरी पडतात : एक राजाची राणी, दुसरी प्रधानाची बायको. बाप मुलींना भेटायला जातो आणि म्हणतो, माझी कहाणी ऐक. राणीला सवड नसते, राजा शिकारीला निघालेला असतो. धाकटी मात्र बसून ऐकते. पुढे राणीला दारिद्र्य येते. तिची मुले मावशीकडे मदत मागायला जातात, मावशी देते, आणि वाटेत ते देवच हिरावून नेतो. शेवटी राणी स्वतः बहिणीकडे जाते तेव्हा तिला कळते, की हे सगळे त्या न ऐकलेल्या कहाणीपायी.

गोष्ट इथे संपत नाही. आता राणीला स्वतःची कहाणी सांगायची असते आणि ऐकणारा मिळत नाही! ज्याला ऐकायला सांगावे तो म्हणतो, तुझी कहाणी ऐकून माझे पोट भरेल काय? मग मोळीविक्या ऐकतो, विहिरीला पाणी नसलेला माळी ऐकतो, मुले हरवलेली म्हातारी ऐकते. सहा मोत्यांतले तीन सांगणारीने घ्यायचे, तीन ऐकणाऱ्याला द्यायचे. निम्मे निम्मे! गोष्टीत ऐकणाऱ्याचा वाटा किती, याचा इतका चोख हिशोब मी तरी कुठल्या समीक्षेच्या पुस्तकात अजून वाचलेला नाही. (अभ्यासक्रमातल्या पुस्तकांत तो असेल आणि मी तिथवर पोचले नसेन, तर सरांनी सांगावे.)

वसा, नवस, फळ हे सारे बाजूला ठेवले, तरी या कहाणीत एक धीट विचार उरतो. ऐकणाऱ्याला दिलेली निवड अगदी साधी आहे : बसतोस की उठून जातोस? पण कहाणी ती विसरत नाही. राणी उठून गेली हे कहाणीने लक्षात ठेवले आणि किती पावलांनंतर तिच्यासमोर आणून ठेवले. माझ्या मते खरी कसोटी इथे आहे. निवडीने शेवट बदलला का, हा प्रश्न नंतरचा. गोष्टीने तुमची निवड लक्षात ठेवली का, हा पहिला.

आता वेताळाकडे येते; कारण चर्चेत त्याचे नाव निघाले होते आणि ते घाईने बाजूला सारले गेले. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त, म्हणजे अकराव्या शतकातल्या ग्रंथात, वेताळाच्या कथा आहेत. तिथे राजाचे नाव त्रिविक्रमसेन. आपल्याकडे तो विक्रम म्हणून घरचा झाला. माझी त्याची ओळख 'चांदोबा'तली. १९४७ साली तेलुगू-तमिळमध्ये सुरू झालेल्या 'चांदामामा'चे हे मराठी भावंड. ते सारे २०१३ च्या सुमारास बंद पडले, पण रद्दीच्या दुकानात जुने अंक किलोवर मिळतात. वडील डाळ मिलमधून येताना कधीमधी दोन-तीन आणत. खांद्यावर प्रेत, हातात तलवार आणि मागे स्मशान असे ते चित्र ज्याने पाहिले नाही, त्याचे बालपण थोडे उणेच म्हणायचे.

वेताळाची अट आठवा. उत्तर ठाऊक असून गप्प राहिलास तर डोक्याची शकले होतील. बोललास तर मौन मोडले, मी परत झाडावर. म्हणजे निवडीला दोन्हीकडून काटे आहेत! आणि गंमत अशी, की राजा काहीही उत्तर देवो, पुढची घटना तीच : वेताळ झाडावर, राजा झाडाकडे. वर्गमित्राच्या कसोटीने ही मोठीच फसवणूक ठरेल. एकामागून एक प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला उत्तर आणि फरक शून्य. परंतु फरक शून्य आहे का? दर उत्तरागणिक आपल्याला हा राजा कळत जातो : तो न्याय कसा करतो, कुणाच्या बाजूने झुकतो, कशाला मोल देतो. बदलत असते ती वाचकाच्या मनातली राजाची मूर्ती. शेवटच्या कोड्याला त्याच्याजवळ उत्तर नसते, तो गप्प चालत राहतो, आणि तेव्हाच वेताळ प्रसन्न होऊन त्याला कपटी संन्याशाचा बेत सांगतो. इतक्या उत्तरांनी जे झाले नाही, ते एका 'ठाऊक नाही'ने झाले. पण ते आधीच्या सर्व उत्तरांच्या जोरावर. पहिल्याच कोड्याला गप्प बसणाऱ्या राजाला वेताळाने काही सांगितले असते असे मला वाटत नाही.

इथवर मी वेताळाची वकिली केली. आता त्याच्यावरची माझी तक्रार. मंदारवतीची गोष्ट घ्या. अग्निस्वामी ब्राह्मणाची मुलगी. तिला तीन तरुण मागणी घालतात आणि प्रत्येक जण म्हणतो, दुसऱ्याला दिलीत तर मी प्राण देईन. बाप कुणालाच देत नाही. मुलगी तापाने मरते. एक तरुण तिच्या राखेवर निजतो, एक अस्थी गंगेला नेतो, तिसरा भटकत जाऊन मेलेल्याला उठवणारा मंत्र मिळवून आणतो. ती जिवंत होते आणि तिघे पुन्हा भांडू लागतात. वेताळ विचारतो, खरा नवरा कोण? राजा म्हणतो, मंत्राने जिवंत करणारा तो बाप झाला, अस्थी नेणारा तो पुत्र झाला; राखेवर निजला तो नवरा.

उत्तर हुशारीचे आहे, यात शंका नाही. ही गोष्ट मी धाकट्या बहिणीला सांगितली. ती सातवीत आहे. उत्तर ऐकून तिने विचारले, "मग मंदारवती काय म्हणाली?"

काही म्हणाली नाही. तिला कुणी विचारलेच नाही. वेताळाने राजाला विचारले, राजाने वाचकाच्या वतीने उत्तर दिले, आपण बाराशे-पंधराशे मैल आणि कैक शतके दूर बसून डोके खाजवले; आणि जी राखेतून उठून बसली आहे ती तशीच उभी. तीन पर्याय होते, पण पर्याय म्हणजे माणसेच, आणि निवडणारे सारे बाहेरचे. अर्थपूर्ण निवड हवी, अर्थपूर्ण निवड हवी असे आपण म्हणतो तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नाही : निवडायला कुणाला बसवले आहे? वाचकाच्या हातात दोर देताना दुसऱ्या टोकाला कोण बांधले आहे, हेही पाहायला हवे ना?

परदेशातली दोन उदाहरणे चर्चेत आली होती. त्यांचाही थोडक्यात समाचार घेते. १९६७ साली कॅनडातल्या माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात 'किनोऑटोमॅट' नावाचा प्रकार दाखवला गेला. कल्पना रादूझ चिंचेरा यांची. १२७ खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला एक लाल आणि एक हिरवे बटण. चित्रपट मध्येच थांबे, नट रंगमंचावर येऊन विचारी, आता नोवाक महाशयांनी काय करावे? उदाहरणार्थ, दार लागून बाहेर अडकलेल्या, केवळ टॉवेल गुंडाळलेल्या शेजारणीला घरात घ्यावे की नाही? (बायको कोणत्याही क्षणी येणार आहे!) लोक बटणे दाबत, बहुमत मोजले जाई आणि त्याप्रमाणे चित्रपट पुढे चाले. असे नऊदा. आणि कुठलीही बटणे दाबा, शेवटी इमारतीला आग लागतेच. पटकथा अशी गुंफली होती, की प्रत्येक फाटा फिरून त्याच रस्त्याला मिळे. म्हणजे फसवणूकच! पण पुष्कळांनी तिच्यात मतदानावरचा उपरोध पाहिला. आपण बटण दाबत होतो आणि घर जळायचे ते जळतच होते, हेच ज्याला सांगायचे आहे, त्याला दुसरा मार्ग नाही. तेव्हा खोटी निवडही कधीकधी खरे बोलते.

दुसरे उदाहरण नेटफ्लिक्सचे 'बँडरस्नॅच', २८ डिसेंबर २०१८ चे. मी ते मामेभावाच्या मोबाइलवर पाहिले होते. मे २०२५ मध्ये कंपनीने ते काढून टाकले, त्यामुळे आता सांगणाऱ्यावर विश्वास ठेवणे आले. १९८४ सालचा एक तरुण संगणकावरचा खेळ बनवतो आहे. पहिली निवड : सकाळी कोणते सीरियल खायचे? या किंवा त्या, काही फरक नाही. पुढे आणखी एक : कंपनीची नोकरी घ्यायची का? आपण आनंदाने 'हो' म्हणतो, आणि खेळ पडतो, परीक्षक शून्य गुण देतो, आपल्याला मागे आणून पुन्हा विचारले जाते. माझ्या मामेभावाला राग आला. "चुकीचं उत्तर होतं तर विचारलं कशाला?" त्याचा राग मला पटला. वेताळ राजाला उत्तर चुकले म्हणून मागे नेत नाही. उत्तर बरोबर आले म्हणूनच परत जातो. दोन्हींत फेरा तोच, पण एकात ऐकणाऱ्याचा मान आहे आणि दुसऱ्यात मास्तरची छडी. नायकाला पुढे संशय येतो की आपल्या हातून कुणीतरी दुसराच हे करवून घेतो आहे, तिथे मात्र मला भीती वाटली. ते दृश्य चांगले आहे, हे मान्य करायला हवे.

आणि एक तिसरा प्रकार आहे, त्याबद्दल चर्चेत कुणीच बोलले नाही. तो म्हणजे विकत घेतलेली निवड. 'चॉइसेस' नावाचा मोबाइलवरचा गोष्टींचा खेळ २०१६ साली आला. त्यात साधी वाट फुकट आणि चांगली वाट 'हिऱ्यां'ची. हिरे संपले की पैसे भरून घ्यायचे. नायिकेने मनातले बोलावे असे वाटत असेल, तर मोजा हिरे! हे नवे आहे असे समजू नका. आमच्या खानदेशातल्या यात्रांना तमाशाचे फड येत आले आहेत. फडावरची फर्माईश आणि दौलतजादा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा हिशोब नवा नाही. समोरच्या रांगेतला जो नोट वर धरील, त्याच्या आवडीची लावणी. मागे उभ्या असलेल्या हमालालाही कुठलीतरी लावणी आवडत असेलच, पण त्याची आवड गोष्टीपर्यंत पोचत नाही. आणि नाचणारीला काय आवडते, हे विचारायला अजून फाटा फुटायचा आहे. इथे निवडीने कार्यक्रम बदलतो, अगदी तिथल्या तिथे बदलतो. वर्गमित्राने सांगावे, ही अर्थपूर्ण निवड म्हणायची का?

उलट सोंगट्यांचा पट पाहा. फासे पडतील ते दान घ्यावेच लागते, पण कोणती सोंगटी पुढे न्यायची आणि कोणती मागे ठेवायची हे आपल्या हाती. निवड लहान, पण मोडलेली सोंगटी परत पहिल्या घरापासून चालवावी लागते. सापशिडीत तर तेवढेही नाही. ज्ञानदेवांच्या नावाशी परंपरेने जोडलेला मोक्षपट हा तिचा जुना अवतार. पाप-पुण्याचा एवढा थोर खेळ, आणि खेळणाऱ्याला एकही गोष्ट ठरवता येत नाही! असो, हा विषय वेगळ्या लेखाचा.

हे सगळे मी इतक्या हट्टाने का लिहिते आहे, असे कुणाला वाटेल. त्याचे कारण पुस्तकात नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आले, म्हणजे आमच्याच तुकडीपासून. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह अशा रकान्यांचा अर्ज घेऊन मी आणि वडील ओट्यावर बसलो तेव्हा वडील हरखून गेले होते. "एवढं सगळं तुला विचारतात?" त्यांना आयुष्यात कुणी काही विचारलेले नव्हते. माझी एक मैत्रीण दुसऱ्या गावी शिकते. तिच्या अर्जावरही लांबलचक यादी होती. तिने पहिली पसंती लिहिली, तो विषय शिकवायला कुणी नाही. दुसरी लिहिली, मुले पुरेशी नाहीत. शेवटी जो वर्ग भरत होता त्यात ती बसली, आणि कागदावर मात्र ती तिची 'निवड' म्हणून नोंदली गेली आहे. तिला सरळ सांगितले असते की बाई, एकच विषय आहे, तर तिला वाईट वाटले नसते. आजीनेही आम्हाला कधी विचारले नाही, की राजाने कुठल्या वाटेने जावे. तिने फक्त 'हं' मागितले. न विचारण्यात अपमान नाही. विचारून न ऐकण्यात आहे. माझ्या वर्गमित्राच्या म्हणण्यात खरे आहे ते एवढेच, आणि तेवढ्यापुरती मीही टाळी वाजवते.

आता राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या शिबिरातली हकिकत सांगते, कारण माझे मत तिथे पक्के झाले. तापीकाठचे एक गाव. कापूस वेचणीचे दिवस, त्यामुळे माणसे रात्रीच भेटायची. आम्ही बालविवाहावर पथनाट्य बसवले होते. दहावीतली मुलगी, चांगले स्थळ, बापाची घाई. ऐन मध्यावर सूत्रधार नाटक थांबवून लोकांना विचारणार : आता या मुलीने काय करावे? ही कल्पना मूळची ऑगुस्तो बोआल या ब्राझीलच्या नाटककाराची. प्रेक्षकाने उठून नाटकात शिरावे आणि ते बदलून दाखवावे, असे त्याचे नाट्य. पेरू देशात एका प्रयोगात एक बाई नटीच्या कामावर नाराज होऊन स्वतःच रंगमंचावर चढली आणि तिथून त्याला हे सुचले, असे त्याने सांगितले आहे. बंगालमध्ये 'जन संस्कृती' ही संस्था १९८५ पासून गावोगाव असे प्रयोग करत आली आहे. आमची तयारी त्यामानाने माफक. दोन शेवट बसवले होते : मुलगी गप्प राहते आणि तिची फरफट होते, किंवा मुलगी १०९८ या क्रमांकावर फोन करते आणि लग्न थांबते. लोक दुसरा निवडतील हे आम्हाला ठाऊकच होते. सगळ्यांनाच ठाऊक असते.

सूत्रधाराने विचारले. शाळेच्या मुलांनी पाठ केल्यासारखे 'फोन! फोन!' म्हटले. तेवढ्यात पारावरून एक म्हातारी बोलली, "आंडेरले काय इचारतस? तिनी मायले इचारा ना!"

आमच्या नाटकातल्या आईला चार वाक्ये होती. चौथ्या वाक्यानंतर तिने पदर तोंडाला लावून रडायचे, एवढेच काम. ती भूमिका करणारी आमची मैत्रीण एकदम गोंधळली. तिने हात जोडून म्हातारीला विचारले, मावशी, मी काय करू? म्हातारी जागेवरून उठली नाही. तिथूनच तिने सांगितले, की नवऱ्याला म्हण, पोरीचे दोन वर्षे थांबव, नाहीतर उद्यापासून मी वेचणीला येत नाही. बायका हसल्या. मग हसायच्या थांबल्या. आमच्या मैत्रिणीने तेच वाक्य, तसेच, बापाचे काम करणाऱ्या मुलाला ऐकवले. त्याच्याजवळ उत्तर नव्हते. पाठांतरात ते नव्हतेच. तो खरोखर गप्प उभा राहिला. गर्दीतले दोन पुरुष उठून गेले. नाटक तिथेच संपले, कारण पुढे जे काही बसवले होते ते आता म्हणणे शक्य नव्हते.

रात्री जेवणानंतर आमच्यात वाद पेटला. काहींचे म्हणणे, की हा फारच उत्तम शेवट आहे. तो तिसरा पर्याय म्हणून संहितेत घालू, सूत्रधाराने तीन बोटे दाखवून विचारावे. मी विरोध केला. म्हातारीने आमच्या यादीतला पर्याय निवडला नाही, आमचा प्रश्नच बदलला; निवडायला मुलीला बसवले होते, तिथून उठवून तिने आईला बसवले. ते वाक्य तिसऱ्या बोटावर चढवले, की पुढच्या गावात मुले 'तीन! तीन!' म्हणून ओरडतील आणि आई पुन्हा चार वाक्यांची होऊन जाईल. शिवाय वेचणीचा दिवस बुडवला तर चूल कशी पेटायची, हे त्या म्हातारीला ठाऊक होते. म्हणून तिच्या तोंडी ते वाक्य शोभले. आम्ही ते बोटावर मोजले तर फुकटचे होईल.

दुसऱ्या रात्री खालच्या वस्तीत प्रयोग होता. बराच वाद होऊन एवढेच ठरले, की सूत्रधाराने 'मुलीने काय करावे' असे विचारायचे नाही. नुसते 'आता कुणी काय करावे?' असे विचारायचे आणि थांबायचे. आमचा सूत्रधार चांगला बोलणारा मुलगा, त्याला थांबणे जमत नव्हते. त्याला मी शंभरपर्यंत मोजायला सांगितले. तो चौसष्टपर्यंत मोजून मोकळा होणार, इतक्यात मागून एक हात वर आला. तो मुलीच्या मामाच्या वयाचा एक गडी होता.